उष्टा ब्रश

रशीदमामांस शालनचा सलाम.

पत्र लिहायची मला सवय न्हाई. आजवर लिहिली ती भावाला वरवंडला, तीबी चार ओळींची, सगळं खुशाल हाय म्हणून. पण आज दुपारी शेठनं तुमच्या नावावर जे खपवलं, ते ऐकलं आन् कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन अजून तीन महिने झाले न्हाईत, आन् मेलेल्या माणसाच्या अंगावर असलं खोटं घालतात व्हय? शी!

आधी मुद्द्याचं सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल, "शालन, पाल्हाळ नको." बोटीच्या स्टिअरिंगचे चार आर्म, कच्च्या वेल्डिंगचे, धरणाच्या पाण्यावर गेलेत. माणसं नेणाऱ्या बोटींना बसलेत. आन् तिथली माणसं समजतायत की ते तुमच्या हातचे हायत.

ते खराब मी केलेत मामा. वेल्डिंग संतोषनं केलं, तुमच्या जागेवर आलेला नवा वेल्डर. पण खराब मी केलेत.

शिरूरच्या आपल्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले ती झाडायला. तुम्ही माझ्या हातातला झाडू काढून घेतला आन् पांढरं फडकं दिलं. म्हणाले, "वेल्डिंग मी करतो. पण ते टिकणार का सुटणार, हे पुसणारी ठरवते." घरी जाऊन मी हे चार जणींना सांगितलं! नुसतं पुसायचं काम, पण तुम्ही त्याला केवढी किंमत दिली होती.

त्याच दिवशी तुम्ही मला आर्म दाखवला. हातभर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा. बोटीवाल्यानं पुढं चाक फिरवलं की मागचं इंजिन वळवतो तो हा. "भर वेगात हा सुटला ना, तर बोट आपल्या मनानं गर्रकन फिरते आन् माणसं बाहेर फेकते. ध्यानात ठेव." मला भ्या वाटावं म्हणूनच सांगितलं होतं तुम्ही. आन् वाटलंबी.

मग थिनरनं पुसायचं, फडकं काळं निघालं की दुसरं घ्यायचं, ते पांढरं निघंस्तोवर. आन् शेवटी तुमच्या स्टेनलेसच्या ब्रशनं सांधा घासायचा. तो ब्रश लोखंडाला लागला, तेलाला लागला, की तुम्ही म्हणायचे, "उष्टा झाला. आता हा अॅल्युमिनियमला चालायचा न्हाई." शेठ हसायचा, "आमचे रशीदभाई सोवळ्यातले हायत." हसू दे. तुमचा सांधा कधी परत आला न्हाई.

आता माझं ऐका. खंडेनवमीला आपल्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. नारळ शेठ फोडायचा, पेढे तुम्ही आणायचे. पण त्या दिवशी सकाळी आल्याबरोबर तुम्ही तो ब्रश कागदात गुंडाळून खिशात घालायचे. अकरा वरसं मी हे बघितलं. मला वाटायचं, तुमच्यात चालत नसंल. हळद-कुंकू नको वाटत असंल. मी इचारलं न्हाई. असलं कसं इचारायचं माणसाला?

ह्या वर्षी तुम्ही न्हवता. भावाकडून पाटीभर झेंडू आणला. टेबलावरचा पकडीचा व्हाइस पुसला, हातोड्या पुसल्या, सगळ्याला तेलाचा हात फिरवला. मग तुमचा कप्पा उघडला तर आत ब्रश. मला भरून आलं. म्हटलं, सगळ्या हत्यारांना मान मिळाला, ह्या बिचाऱ्याला कधी मिळाला न्हाई. त्याच्यावर तेलाचं बोट फिरवलं, हळद-कुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. हात जोडून रडलेसुद्धा! काय माझी अक्कल!

दसरा झाला, काम सुरू झालं. बारा आर्मचा लॉट होता. पूजेचं तेल म्हणजेबी तेलच, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई; कुंकू झटकलं, ब्रश फडक्यानं पुसला आन् त्याच ब्रशनं बारा आर्मचे सांधे घासले. संतोषनं आर्गन गॅसचं वेल्डिंग सुरू केलं तर तडतड आवाज, सांध्याभोवती काजळी, वर बारीक बारीक भोकं. मी तिथंच उभी होते. तवा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तुम्ही ब्रश खिशात का घालायचे. धर्माचं काही न्हवतंच हो! तेलाचं होतं. तेलाचा डाग राहिला की अॅल्युमिनियमच्या पोटात हवा धरते, हे तुम्हीच शिकवलेलं की मला!

मग सांगितलं का न्हाई मामा? एकदा तरी? "शालन, पूजेचं तेल ह्याला लावू नको," एवढंच तर म्हणायचं होतं. पण आता मी इचार करते. भरल्या शेडमध्ये, पूजेच्या दिवशी, तुम्ही हे कोणत्या तोंडानं बोलला असता? कोणी तरी वाकडं घेतलंच असतं. म्हणून तुम्ही गप बसून ब्रश खिशात घातला. आन् मी गप बसून माझं मी ठरवलं. अकरा वरसं एका डब्यात जेवलो आपण, आन् एवढं बोलता आलं न्हाई.

संतोष म्हणाला, "ग्राइंडर मारू, दिसायचं न्हाई." शेठ म्हणाला, "मार. वर पांढरा रंग दे." भोकं झाकायला सांध्याचा उंचवटाच घासून सपाट केला! जेवढा जोर राहिला होता तेवढाबी गेला. रंग दिल्यावर आर्म इतके गोजिरे दिसायला लागले की मला बघवंना. आन् मी काय केलं? फडकं धुतलं आन् घरी गेले. शेठची आन् संतोषची किळस येती म्हणते मी, पण माझीबी येती. आठ दिवस मी तोंड उघडलं न्हाई. त्या आठ दिवसांत बोटवाल्यांना घाई होती म्हणून शेठनं चार आर्म टेंपोत घालून पाठवले.

एक राग तुमच्यावरबी हाय, सांगून टाकते. दुसऱ्यानं काम बिघडवलं की तुम्ही रविवारी येऊन गुपचूप सांधा कापायचे, नवा करायचे, कोणाला कळू द्यायचे न्हाई. त्यामुळं शेठला वाटलं, आपल्या शेडमध्ये काम बिघडतच न्हाई. गप बसायचं मी कोणाकडून शिकले मामा?

आज दौंडकडचे ते आप्पा आले, बोटी चालवणारे. राहिलेले आठ न्यायला. शेठनं त्यांना ऑफिसात नेलं. तिथं तुमचा फोटो लावलाय, माहीत हाय का? प्लॅस्टिकचा हार घालून! तुम्ही साधा फोटो काढू द्यायचे न्हाईत, आन् हार! नवा मोबाइल हातात नाचवत शेठ म्हणतो, "मामा गेले, पण त्यांचा दर्जा आम्ही जपलाय."

मला राहवलं न्हाई. ट्रेमधला एक आर्म उचलला, व्हाइसमध्ये आवळला आन् हातोडा घातला. दुसऱ्याच घावाला मोडला! आत नुसती भोकं, पावासारखी.

आप्पा धावत आले. "बाई, हे काय?"

"ब्रश तेलकट होता आप्पा. माझ्या हातानं झालाय. बाराच्या बारा असेच हायत."

त्यांचं तोंड उतरलं. "आन् ते चार? ते तर परवाच बसवले. माझी सून रोज बसती त्या बोटीत."

मागून आलेल्या शेठची पापणीसुद्धा हलली न्हाई. छातीवर हात ठेवून म्हणाला, "ते चार मामांच्या हातचे. जायच्या आधी करून ठेवले होते त्यांनी."

आन् आप्पांचा जीव भांड्यात पडला! "मामांच्या हातचे व्हय? मग काळजी न्हाई."

मी ओरडले, "न्हाई हो आप्पा, तेबी मीच पुसलेत!" तर शेठ हळू आवाजात त्यांना म्हणतो, "मामांची लाडकी होती. ते गेल्यापासून जरा असंच करती." संतोष हातमोज्याचा दोरा ओढत बसला, वर बघितलं न्हाई. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, कळतं मला. माझाबी जीव होता त्यांच्यावर." आन् जीपमध्ये बसून गेले. शेठ मला म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

थू असल्या नोकरीवर! पण नोकरीचं जाऊ द्या. मला आप्पांचा तो चेहरा दिसतोय. तुमचं नाव ऐकलं आन् माणूस निर्धास्त झाला. तुम्ही जन्मभर चांगलं काम केलंत, म्हणून आता कोणी त्या आर्मकडं बघायचं न्हाई. बाया बाजाराला बसतील, मोटरसायकली चढतील, बोट जोरात सुटंल. सांधा सुटला तर लोक म्हणतील, रशीदमामाचा सुटला.

उद्या पहिल्या एसटीनं दौंडला जाते. तिथून मिळंल त्या गाडीनं पाण्याच्या काठाला. मोडलेला आर्म पिशवीत घातलाय. आधी आप्पांच्या सुनेला दाखवीन, तिला बोटीत बसायचंय. पूजेच्या तेलाचं सगळं सांगीन, काही लपवणार न्हाई. हसले तर हसू देत. येडी म्हणाले तर तिथंच काठावर बसून राहीन. चारही आर्म माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरल्याशिवाय शिरूरची गाडी धरणार न्हाई, हा माझा शब्द.

फक्त एक माफी आधीच मागून ठेवते मामा. त्या माणसांचा तुमच्यावर फार इश्वास हाय. उद्या मला तो मोडावा लागणार हाय.

तुमच्या हाताखालची,
शालन