बोटभर फट

१० एप्रिल

नववा दिवस! हॉलमध्ये जमिनीवर बसवायच्या फळ्यांची थप्पी तशीच पडलीये. दोन फळ्यांच्या मध्ये बारक्या पट्ट्या घालून, वारं खेळेल अशी रचलेली. आम्ही कडेकडेने चोरासारखे चालतो. सुतारकाका रोज येतात, थप्पीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "अजून दोन दिवस, ताई. लाकडाला घराची सवय होऊ द्या."

सवय! मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोणी दहा दिवस दिले होते? दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ माणसांचा स्वयंपाक करत होते मी.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जाणकार माणूस आहे, काहीतरी कारण असेल." ह्यांचं सगळ्यांच्याच बाबतीत असं. माझ्या बाबतीत मात्र कधी कारण नसतं!

१२ एप्रिल

फळ्या निवडायला गेलो होतो त्याचा राग आज पुन्हा आला. वखारीत मी लालसर, गडद लाकडावर बोट ठेवलं. काका लगेच, "गडद जमिनीवर धुळीचा कण न् कण दिसतो, ताई. तुम्ही दिवसभर दवाखान्यात. कोण पुसणार?" कोण पुसणार म्हणजे? मीच पुसणार! पण ह्यांनी लगेच मान डोलावली. मग काकांनी एकेक फळी डोळ्याशी धरून, ठोकून, वास घेऊन बघितली आणि चांगल्या दिसणाऱ्या अकरा फळ्या नापसंत म्हणून बाजूला काढल्या. वखारवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मनातून बरं वाटलं, पण बोलले नाही.

शेवटी मधाच्या रंगाचं घेतलं. अठरा वर्षं मी त्या फुटक्या टाइल्सवर अनवाणी चाललेय. रंग तरी माझ्या मनासारखा होऊ द्यायचा होता.

१४ एप्रिल

भिंतीतलं कपाट बसवलं. खरं सांगायचं तर तोंडात बोट घातलं मी. आमची भिंत वर एक आणि खाली एक, तद्दन वाकडी. काकांनी कपाटाची कड पेन्सिलने भिंतीवरून उतरवून घेतली आणि त्याच वळणाने तासली. आता केस जाणार नाही मधून! ड्रॉवर नुसत्या बोटाने सरकतो. हे दहा वेळा उघडबंद करून बघत होते, लहान मुलासारखे. काका हसले. मी पहिल्यांदाच बघितलं त्यांना हसताना.

१७ एप्रिल

जमीन झाली. आणि माझा संताप संताप झालाय!

मधली फळीन् फळी जुळलेली, आरशासारखी. पण चारही भिंतींच्या कडेला फट. चांगली बोटभर! मी विचारलं, "काका, हे काय? फळ्या कमी पडल्या?"

"फट ठेवावीच लागते, ताई. दमट हवेत लाकूड फुगतं. त्याला जागा लागते. श्वास घेतं ते."

श्वास घेतं म्हणे! कापलं, तासलं, सुकवलं, आणि आता श्वास घेतंय! मी म्हटलं, "कपाट भिंतीला कसं चिकटवून बसवलंत? मग जमिनीलाच काय धाड भरली?" ते म्हणाले, कपाटाचं वेगळं, जमिनीचं वेगळं. वरून पट्टी मारली की फट दिसणारच नाही. दिसणार नाही, पण असेल ना! मुंग्या जातील, झुरळं जातील, केर जाईल. मी बावीस वर्षं औषधांच्या खिडकीवर बसते. एक गोळी इकडची तिकडे झालेली चालत नाही आमच्याकडे. आणि इथे बोटभर फट चालवून घ्यायची!

पट्ट्या कापून ठेवल्यात. रंग झाल्यावर येऊन मारतो म्हणाले. चार दिवसांनी!

१८ एप्रिल

फटीचा निकाल लावला. रंगारी आलाच होता. त्याला म्हटलं, सगळीकडे व्हाइट सिमेंट भर, गच्च. तो कुरकुरला, "सुतारांना विचारलं का?" म्हटलं, घर सुतारांचं आहे का माझं? मुकाट्याने भरलं त्याने. संध्याकाळी पट्ट्याही त्याच्याकडूनच मारून घेतल्या. एका दिवसात काम! मनात आणलं की होतं.

ह्यांना सांगितलं नाही. उगाच लेक्चर कोण ऐकणार?

२१ एप्रिल

काका आले. पट्ट्या बघून थबकले. "कोणी मारल्या?" मी म्हटलं, रंगाऱ्याने, तुमचा एक फेरा वाचवला. ते खाली वाकले, पट्टीवर बोट फिरवलं. "आतली फट मोकळी आहे ना, ताई?"

"आहे हो, आहे!" गॅसवर दूध होतं, ते उतू जायला आलं होतं. मी आत पळाले.

३० एप्रिल

आज अख्खी इमारत येऊन गेली आमची जमीन बघायला. वरच्या वहिनी चपला काढून दोनदा इकडून तिकडे चालल्या. त्यांना स्वयंपाकघराची कपाटं करायचीत, समोरच्यांना दोन खोल्यांची जमीन. आणखी दोन घरं विचारतायत. सगळ्यांना काकांचा नंबर दिला. संध्याकाळी काकांचाच फोन. "ताई, तुमच्यामुळे वर्षभर हिंडायला नको आता मला. साठी उलटली, गुडघे बोलतात." आवाज अगदी ओला झाला होता.

बरं वाटलं. मी अगदीच दुष्ट नाही म्हणायची!

१५ जून

चार दिवस हवा दमट. कपडे वाळत नाहीत. सकाळी हॉलमधून फटकन आवाज आला. हे म्हणाले, काही पडलं असेल. काही पडलेलं नव्हतं.

१६ जून

जमीन उठली! हॉलच्या बरोब्बर मधोमध! दोन फळ्या एकमेकींना भिडून तंबूसारख्या उभ्या. मी ठेचकाळले, कपभर चहा अंगावर. अठरा वर्षं वाट बघितली ती ह्यासाठी? दोन महिने नाही टिकली! रडले. मग रडल्याचाच राग आला.

फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

१७ जून

काका आले. गुडघ्यांवर बसून तासभर बघत होते. तोंडाने सारखं, "असं होत नाही. असं होतच नाही." मी म्हटलं, होत नाही तर हे काय आपोआप वर आलंय?

मग म्हणाले, "कडेची एक पट्टी काढून बघू द्या." काढून बघू द्या! आधी जमीन घालवली, आता पट्ट्या काढणार. मी म्हटलं, माझ्या घरातला एकही खिळा काढायचा नाही. चालते व्हा! दार उघडंच होतं. मी जिन्यापर्यंत ओरडत गेले. वरच्या वहिनी कठड्यावरून वाकून बघत होत्या. समोरच्यांचं दार किलकिलं झालं.

काका एक शब्द बोलले नाहीत. पिशवी उचलली, कठड्याला धरून हळूहळू उतरले. त्या गप्प राहण्याचाच जास्त राग आला मला. चोर असला की माणूस गप्प बसतो.

हे म्हणाले, "फार बोललीस." म्हटलं, तुम्ही बोलला असतात तर मला बोलावं लागलं नसतं!

१९ जून

चारही घरी जाऊन सांगून आले. स्पष्ट. तुमचे पैसे, तुमची मर्जी, पण मी फसलेय. येऊन बघा, चालून बघा, ठेचकाळून बघा. समोरचे आले, बघितलं, त्च् त्च् केलं. वहिनींनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला, "सध्या राहू द्या." तिसऱ्यांकडे तर काम सुरू झालं होतं, तेही थांबवलं.

शांत झोप लागेल आज.

५ जुलै

दुरुस्तीला दुसरा माणूस आणला. तरुण आहे, यंत्रं घेऊन फिरतो. त्याने काही न विचारता सगळ्यात आधी कडेची पट्टी उचकटली. मग बसल्या जागी हसायला लागला. "बाई, हे सिमेंट कोणी भरलं? जमिनीला सरकायला जागाच नाही ठेवली. ती वर नाही येणार तर कुठे जाणार?" एक मूठभर पांढरा चुरा माझ्यापुढे धरला. "ज्याने जमीन बसवली त्याचं काम एक नंबर आहे हो. ज्याने हे भरलं त्याला धरा."

मी म्हटलं, रंगारी होता.

हे तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

६ जुलै

रंगाऱ्याचा राग येतोय. ठाम नाही म्हणायला काय झालं होतं त्याला? ह्यांचा राग येतोय, काल रात्रीपासून माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलतायत, जसं घरात कोणी आजारी आहे. काकांचा तर सगळ्यात जास्त! ठासून का नाही सांगितलं? तिथल्या तिथे पट्टी का नाही उचकटली? मी नको म्हटलं म्हणून? मी काय, शंभर गोष्टींना नको म्हणते!

लिहून टाकते एकदाचं. मी भरायला लावलं. मी "आहे हो, आहे" म्हटलं. मी त्यांना बघू दिलं नाही. लाज वाटतेय. आणि लाज वाटली की मला रागच येतो, दुसरं काही येतच नाही.

७ जुलै

वर जाऊन सगळं सांगायचं. चारही घरी. आज दवाखान्यात उशीर झाला. उद्या.

८ जुलै

वहिनींकडे पाहुणे होते.

११ जुलै

हे म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी वस्सकन अंगावर गेले. माझं मी बघीन! मला काय तोंड नाही?

मग जेवलेच नाही. हेही नाही.

१४ जुलै

जिन्यात वहिनी भेटल्या. मी सुरुवात केलीही होती, "वहिनी, त्या सुताराचं..." तर त्यांनी माझा हात धरला. "तुमच्यामुळे वाचलो हो आम्ही! कपाटं दुसऱ्याला दिली. समोरच्यांनीही, आणि ज्यांचं काम अर्ध्यात थांबलं होतं त्यांनीही. तुमच्यासारखं तोंडावर बोलणारं माणूस असावं इमारतीत."

मी हसले. हसले मी! घरी येऊन बाथरूमचं दार इतक्या जोरात आपटलं की कडी निखळली.

तीन घरी आता सांगून काय उपयोग? कामं दुसऱ्याकडे गेली. पण एक घर अजून थांबलंय. तिथे तरी सांगायचं. रविवारी.

१८ जुलै

रविवार गेला. आमची जमीन सपाट झाली. दुसऱ्याने काकांचीच फळी पुन्हा बसवली, चारी कडांना बोटभर फट ठेवून. मी तिच्यावरून भरभर चालते, खाली न बघता.

२३ जुलै

आज माझ्या खिडकीपुढच्या रांगेत काका होते. दाढी वाढलेली. मी मान खाली घातली, पण नंबर आलाच. म्हणाले, "ताई, रागावू नका. एकच विचारायचं होतं. उघडलं तेव्हा कळलं का, माझं कुठे चुकलं? जमिनीची कामं सोडली मी. पण डोक्यातून जात नाही." मागे रांग होती. मी म्हटलं, "नाही काका. नाही कळलं." त्यांनी मान हलवली, चिठ्ठी पुढे केली. झोपेची गोळी होती. कधी घ्यायची, विचारलं. ते मात्र मी तीन-तीनदा समजावून सांगितलं.