घाटी शब्द काढला

जोगेश्वरी, मंगळवार संध्याकाळ

मुलांच्या मासिकातून मेघनाचा फोन आला. सह्याद्रीचा लेख आवडला म्हणाली. "फक्त ताई, तो 'घाटी' शब्द काढूया ना. पोरं चिडवतात त्यावरून, शिवी आहे ती."

काढते म्हटलं. काढलाही. तेव्हापासून कशातच लक्ष नाही.

काय चुकीचं लिहिलं होतं मी? कोकणातून पूर्वेला बघितलं की भिंतीसारखा उभा दिसतो, तो सह्याद्री. ती भिंत चढायची वाट म्हणजे घाट. घाटावरून खाली आलेला माणूस, तो घाटी. मुलांना कळलं असतं की!

मी मालवणची, सुधीर साताऱ्याचा. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणालेली, "घाटी जावंय? तेका मासे तरी खावक येतत?" नव्हतेच येत. बांगडा पुढ्यात घेऊन बसून राहायचा, मी काटे काढून देईपर्यंत. "ए घाट्या, शिक की आता!" मी ओरडायची. पुढे तेच नाव पडलं. गॅलरीतून तीच हाक, भर बाजारात तीच. गेल्या वर्षी हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी कुणालाच ओळखत नव्हता. मी "घाट्या" म्हटलं, तर डोळे मिटूनच "ओ" म्हणाला.

आज दुपारी जेवताना बघते तर बांगड्याचे काटे काढून मासा बशीच्या पलीकडच्या कडेला सरकवलेला. कुणासाठी?

शिवीच आहे गं मेघना, बरोबर आहे तुझं. पण या घरात त्या शिवीला ओ यायची.