थांबवलेली खिडकी

सोमवार, ३ जून
नोकरी लागली! पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, काम कॉम्प्युटरचं. शब्द टाकला धाकट्या बहिणीने. ती इथे कापायच्या प्रेसवर आहे, म्हणजे आता जन्मभर तिचे उपकार ऐकणं आलं. प्रेस चालवणारा प्रोग्रॅम जुनापुराणा, नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. म्हणून नव्याच्या पोटात एक व्हर्च्युअल कॉम्प्युटर बसवलाय. पडद्यावरच्या एका खिडकीत ती जुनी सिस्टिम ऐटीत चालते, आपण दुसऱ्याच्या घरात राहतो याचा तिला पत्ताही नाही. मालक हसतमुख वाटले.

बुधवार, ५ जून
प्रोग्रॅम अडकला. मालक म्हणाले, खिडकीची साठवलेली जुनी स्थिती परत आणा, म्हणजे ती त्या क्षणी होती तशीच पुन्हा उघडते, तिच्यात प्रेस झकास पळते. आणली. खिडकीतलं घड्याळ गेल्या वर्षीच्या एका दुपारवर जाऊन उभं राहिलं आणि लाल खूण पेटली: 'हात आत'. प्रेसखाली हात गेला की सेन्सर ती पेटवतो. मी धावत जाऊन पाहिलं. खाली कुणीच नव्हतं. बहीण लांब उभी राहून केस बांधत होती, माझ्याकडे बघून हसली.

शुक्रवार, ७ जून
मशीनच्या मिस्त्रींना खोदून विचारलं. त्या दुपारी एका बाईचा हात आत असताना प्रेस उतरू लागली. बंद करायचं लाल बटण भिंतीवर. आधीचा कॉम्प्युटरवाला खुर्चीत बसलेला. त्या मूर्खाने घाबरून खिडकीच पॉज केली. प्रेस अर्ध्यावर थांबली, हात अडकलेलाच, आणि ती स्थिती साठली गेली. मग मालक म्हणाला, खोळंबा नको, चालू करा. प्रेस थांबली होती तिथूनच पुढे उतरली. रक्त जाऊन बाई गेली.
आणि तीच स्थिती हा मालक रोज वापरतो! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस!

सोमवार, १० जून
ती स्थिती मी पुसून टाकली. मालकाशी कडाक्याचं भांडण झालं. बहिणीला म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, दादा, तुझं डोकं फिरलंय.

मंगळवार, ११ जून
मालकाकडे दुसरी प्रत होती. हरामखोराने माझ्या पाठीमागे चढवली. खुणेमुळे काम अडतं म्हणून सेन्सरची वायरही कापायला लावली.
वायर कापली तरी खूण पेटलेलीच—

बुधवार, १२ जून
बहीण अडकलेला पुठ्ठा ओढायला वाकली. प्रेस उतरली. माझा हात माऊसवर होता— पॉज केलं. मीही तेच!
तिचा हात खाली आहे. चेपलेला नाही, पण निघतही नाही. मिस्त्रींनी लाल बटण दाबलं, काही झालं नाही. त्याचीही वायर काढलेली! मेन बंद केला तर प्रेस वजनानेच खाली बसेल. मिस्त्री जॅक लावतायत. मला बजावलंय, हलू नकोस, माऊसला कुणाला हात लावू देऊ नकोस. म्हणून इथे बसून लिहितोय, नाहीतर हे हात मालकाचा गळा धरतील. तो ओरडतोय, चालू करा, काही होत नाही—

ती दादा दादा करतेय. जॅक अजून—

पडद्यावर पॉज दिसतंय. पण आतलं घड्याळ— सेकंद पुढे सरकतायत—

मी हात लावलेला नाही. माऊसवर कुणाचाच—