गोटूने मान फिरवली

मंगळवार, संध्याकाळ

आजही गोटूच्या तोंडात जबरदस्तीने सिरिंज घातली. आमच्या या सशाच्या पोटातली गाठ पसरलीय, फार तर दोन आठवडे, असं डॉक्टर म्हणाले. पण खाल्लं तर निदान... निदान काय?

त्याने मान फिरवली. मी धरून सरळ केली, त्याने पुन्हा फिरवली. पालकाचा रस हनुवटीवरून ओघळला.

सासूबाई ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. जन्मभर अर्नाळ्यात मासळी विकलेली बाई. ससा घरात आणला तेव्हा माझ्याशी भांडल्या होत्या. आज हात धुऊन शेजारी येऊन बसल्या.

"पोरी, त्यो नको बोलतो. तुला कलत नाय?"

"मग काय, उपाशी मारू?" मी चिडलेच.

"तुजा सासरा पन शेवटाला असाच मान फिरवायचा. मी पेज भरवतच रायले."

मी उठले. सिरिंज धुऊन ठेवली.

मग गोटूला मांडीवर घ्यायला हात पुढे केला, तर त्याने अंग चोरलं. रिकामा हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तो हळूच हाताला टेकला.

किती दिवस माझ्या हाताला घाबरत होता हा?