सावलीत वाळवलेलं बी

मिरजगाव,
ता. २८ डिसेंबर १९७१

चि. सौ. मुक्ता हिस आप्पासाहेबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. बेलापुरात तुझे वडील आबासाहेब, आई, सगळी खुशाल असतील. लढाई थांबली, ते एक बरं झालं. थंडी मात्र लई. कपिला गाय अजून तुझ्या वाटेकडं बघून हंबरते, दुसऱ्याला कासेला हात लावू देत नाही. तुझ्या सासूबाईंनी परवा लाथ खाल्ली. मी तोंड फिरवून हसलो.

आता हरभऱ्याचं सांगतो. ग्रामसेवक सहादेवरावांनी ती काळ्या भुकटीची पुडी दिली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. म्हणे, यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते मुळाशी घर करतात, हवेतलं खत धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना पोटाला घालतं. मलाही खरं वाटलं नव्हतं. तू मात्र सातवी शिकलेली, नीट कान देऊन ऐकलंस. गुळाचं पाणी उकळून गार केलंस, भुकटी कालवून बियाला हलक्या हातानं चोळलीस आणि ते बी पडवीत गोणपाटावर पसरलंस. ऊन लागलं की ते जीव मरतात, हे मलाच दोनदा बजावलंस. त्याच सांजेला सूपभर बी नेऊन बांधाकडची चार तासं, ओळीनं एकेक दाणा लावत, टोकून आलीस.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहे. पेरणीच्या बियाला लेकुरवाळीचा हात लागावा, ही आपल्या घराची जुनी चाल. तुझा हात लागला म्हणून तुझ्या सासूबाईंनी उरलेल्या बियावर गोमूत्र शिंपडलं आणि दिवसभर धाब्यावर उन्हात टाकलं. मी म्हटलं, “अगं, त्यातला जीव मरंल.”

ती म्हणाली, “तुमच्या पुडीतल्या जिवाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात जीव कवा जन्माला येतो ते बघा!”

तू चुलीपुढं बसली होतीस. सगळं ऐकलंस. चार दिवसांनी माझ्या पोरानं, जालिंदरनं, तुला माहेरच्या यष्टीत बसवून दिलं.

काल सहादेवराव रानात आले होते. त्या रानात आजवर ज्वारी-बाजरीशिवाय काही घेतलेलं नाही, म्हणून तिथल्या मातीत ते जीव मुळात नाहीतच, असं ते म्हणाले. उन्हातल्या बियाचा हरभरा पिवळा पडलाय, वीतभर वाढून थांबलाय. बांधाकडची तुझी चार तासं काळीभोर, घाट्यांनी लगडलेली. त्यांनी दोन्हीकडची झाडं उपटून दाखवली. पिवळ्याचं मूळ नुसतं दोऱ्यागत. तुझ्या झाडाच्या मुळाला गाठीच गाठी. एक नखानं फोडली तर आत गुलाबी, तान्ह्या लेकराच्या हिरडीसारखी. मुक्ता, मला तिथं बांधावर रडू आलं. सहादेवरावांना वाटलं, पीक गेलं म्हणून रडतोय.

दोन्ही झाडं मी घरी आणून सोप्यात ठेवली. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “बांधाला ओल धरती, त्यात काय मोठं.” जालिंदरनं तर बघितलंसुद्धा नाही. झाडं उचलून गोठ्यात टाकली, कपिलेनं खाल्ली.

पोरी, इतका वेळ मी नुसता हरभराच सांगतोय. खरं काम वेगळंच आहे. मला हे पत्र लिहायला बसवलंय. मिरजगावातच जालिंदरला दुसरी मुलगी बघितली आहे. संक्रांत झाली की बार उडवायचा म्हणतात. तू येऊन चार पंचांसमोर ‘माझी ना नाही’ म्हणून कागदावर सही करावी, असं तुला गोडीनं लिहायचं आहे. मी गोडीनं लिहितो म्हणून मला सांगितलंय.

तुझ्या सासूबाई समोर दाण्याची शेंग फोडत बसल्यात. मघापासून विचारतायत, “लिव्हलं का?” मी “व्हय” म्हणतो. त्यांना अक्षर येत नाही. जालिंदर कर्जतला गेलाय, तो यायच्या आत पाकीट बंद व्हायला हवं. आता त्या वाचून दाखवा म्हणतील. मी ‘ये आणि सही कर’ असं मोठ्यानं वाचीन. इथं लिहिलंय ते तू वाच.

सही करू नकोस. येऊही नकोस.

तू सही दिली नाहीस म्हणून हे थांबतील, असं मला वाटत नाही. मला भरल्या घरात उभं राहून ‘नाही’ म्हणता येत नाही गं. म्हणतो, तर दोघं मिळून असं ओरडतात की माझा शब्द मलाच ऐकू येत नाही. तुझ्यासाठी माझ्याकडून एवढाच कागद होतोय.

तुझ्या तासांतला हरभरा मी वेगळा काढणार आहे. तो सावलीत वाळवीन आणि कुणाच्या तरी हाती बेलापूरला धाडीन. कोरडाच कोठीत पडू देऊ नकोस, आबासाहेबांच्या रानात पेर. बियाला हात तूच लाव.

उत्तर पाठवू नकोस. आलेली पत्रं जालिंदर फोडतो. तू काय केलंस ते मला कळणार नाही, आणि विचारायला तोंडही राहिलं नाही.

तुझ्या हातचं बी उगवलेलं डोळ्यांनी पाहिलेला,
आणि घरात कुणाला दाखवता न आलेला,
तुझा सासरा,
आप्पासाहेब