पॉवरहाऊसमागचा हौद

आई, काल आपल्या गिरणीच्या पॉवरहाऊसचा इतिहास लिहिणारे एक निवृत्त इंजिनिअर माझ्या प्रताप नगरच्या घरी आले होते. चाळीत वाढलेली माणसं शोधत फिरताहेत. मी त्यांना तासभर तुझ्या हौदाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण इमारतीबद्दल काही आठवतं का? बॉयलर कुठल्या बनावटीचे होते, चिमणी कधी बांधली?" मला इतका राग आला की मी उठून खिडकीच लावून घेतली. त्यांची चूक नव्हती. त्यांना यंत्रं हवी होती, आणि मला त्या इमारतीचं एकच आठवतं, मागच्या भिंतीतून बाहेर पडणारं गरम पाणी.

थंडीत पहाटे ते पाणी वाहायचं त्या नालीवर सगळी चाळ जमायची. वाफेत कोण कोण आहे ते दिसायचं नाही, बोलण्यावरून ओळखायचं. बादली भरून आणली, थंड पाणी मिसळलं की घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी. मग पॉवरहाऊसला नवे साहेब आले आणि त्यांनी नाली फरशीनं बंद करून पाणी जमिनीखालून नाल्यात सोडलं. ते माझं मॅट्रिकचं वर्ष. तुझी गिरणीत सकाळची पाळी, म्हणून पाणी तापवायची चूल माझ्याकडे आली. ओला कोळसा पेटता पेटत नसे. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि पुस्तक तसंच मांडीवर पडून राहायचं.

तू साहेबांकडे गेलीस तेव्हा मला सोबत नेलंस. शेजारणी म्हणत होत्या, नको जाऊ, कामावरून काढतील. तू सूतखात्यातून तशीच आलेली, केसांत कापसाचा भुगा, आणि टेबलासमोर उभी आहेस. साहेब म्हणतात, "बाई, पाणी उकळतं असतं. उद्या एखादं लेकरू भाजलं तर?" तू म्हणतेस, "म्हणूनच हौद बांधून द्या साहेब. थंड पाण्याचा नळ लावा, वरून जाळी टाका. आमी बाया पाळीपाळीनं राखण करू." ते कागद चाळू लागतात. तू तिथून हलत नाहीस. "तुमाले तं ते फेकाचंच हाय. माही पोरगी मॅट्रिकले हाय, तिले रोज चुलीपाशी बसा लागते." मला शरमेनं मेल्यासारखं झालं. तू माझ्यासाठी भांडते आहेस हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं, आणि तेही तू परक्या माणसाला सांगत असताना.

साहेब वाईट नव्हते. बघतो म्हणाले, आणि बघतच राहिले. तू दर पगाराच्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहायचीस. तोवर माझी परीक्षा झाली आणि मी गणितात नापास झाले. त्यानंतरच्या थंडीत हौद झाला. जाळी लागली, नळ लागला, बायांनी नारळ फोडला. मी परत बसले, पास झाले. आणि पुढच्या थंडीआधी गिरणीनं बाहेरून वीज घेतली, बॉयलर थंड पडले. हौद कोरडा. थोड्याच दिवसांत त्यात पालापाचोळा साचला आणि एक कुत्री पिल्लं घेऊन राहू लागली.

हौदात ती पिल्लं पाहिली त्या दिवशी मी घरात भांडी आपटत होते. एवढी वणवण, आणि मिळालं काय? तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "काहून चिडून राहिली वं? एक हिवाळा तं भेटला ना." आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. माझ्या चिडण्याला कारण पॉवरहाऊस नव्हतं, तू होतीस. तू शिव्या द्यायला हव्या होत्यास, निदान त्या साहेबांना. तू मात्र दुसऱ्या दिवशी चाळीला सार्वजनिक नळ हवा म्हणून बायांना घेऊन पुन्हा त्याच दारात.

त्या इंजिनिअर गृहस्थांना मी काल शेवटी चिमणी उंच होती एवढं सांगितलं. त्यांच्या लेखात तेवढंच येईल. तू गेलीस, आता हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. एक हिवाळा मिळाला म्हणताना तुला खरंच बरं वाटत होतं, की नुसती दमली होतीस, हे मला अजून कळत नाही. मी तुझ्याकडे पाठ करून भांडी आपटत होते ना, तुझा चेहरा मी पाहिलाच नाही.