आईला पोचलेला निरोप

प्रिय बंड्या,

एव्हाना डोंगरावरचा तंबू आवरायला घेतला असशील. तुझ्या पांढऱ्या फुलपाखरांचं सगळं मला आईमुळे पाठ झालंय. झाडं संपतात त्याच्याही वर, नुसत्या दगडधोंड्यांत ती राहतात. ऊन आलं की पंख पसरून अंग शेकतात, ढग आला की जागच्या जागी गारठून बसतात. दुकानात कपडे शिवून घ्यायला आलेल्या बायकांनाही ती हेच ऐकवायची. मी मशीन चालवत राहायचे.

तू वर गेलास आणि तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. तिची कूस बदलायची मी, चादरी धुवायच्या मी. आणि शुद्धीवर आली की हाक तुला. एकदा भरवताना चमचा थोडा सांडला, तर म्हणाली, "बंड्याचा हात किती हलका आहे, नाही?" तेव्हा ती मनातून उतरली ती उतरलीच.

वर फोन लागत नाही. तुझं सामान पोचवणारा खेचरवाला दारात येऊन म्हणाला, "ताई, काही निरोप?" आई आत जागी होती. मी त्याच्याकडे तुझे मोजे दिले, बॅटरीचे सेल दिले आणि हळूच म्हटलं, "सांग, घरी सगळं ठीक आहे." आत येऊन आईला सांगितलं, तुला बोलावणं धाडलंय. ती दाराकडे तोंड करून पडून राहायला लागली. पुढच्या खेपेला तो येऊन गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाला गं बंड्या?" मी म्हटलं, "म्हणाला, फुलपाखरं सोडून येता येणार नाही." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तुझं नाव पुन्हा काढलं नाही. तशीच गेली.

हे मी पोटात ठेवणार होते. पण काल तुझी चिठ्ठी आली. नवी जात सापडली, तिला आईचं नाव देतोयस, आणि आईला तूच वाचून दाखव म्हणतोस, तिचा चेहरा कसा होतो ते कळव म्हणतोस. म्हणून कळवते. शेवटी तो चेहरा कसा होता, हे आजवर मला एकटीलाच ठाऊक होतं. आता आपण दोघं आहोत.

तुझीच,
ताई